पन्नास किलोमीटरवरची राजधानी

वणीच्या बसस्थानकावर सकाळी चंद्रपूरची गाडी लागली की तिच्यात कोण कोण चढते हे पाहण्यासारखे असते. दवाखान्याची फाईल पिशवीत घातलेली म्हातारी, खाणीच्या पाळीवर निघालेले कामगार, कॉलेजची पोरे, लग्नाचा बस्ता बांधायला निघालेले आख्खे घर, बल्लारशाहला दिल्ली किंवा चेन्नईकडची रेल्वे गाठायची म्हणून ट्रंक सांभाळत बसलेला एखादा फौजी. प्रत्येकाला चंद्रपुरात काम असते. चंद्रपूर बघायला म्हणून या गाडीत कुणी बसत नाही. ताडोबाचे पर्यटक वेगळे. ते स्वतःच्या गाडीने येतात, वाघ बघतात आणि शहराला वळसा घालून परत जातात.

वणी ज्यात येते त्याच यवतमाळ जिल्ह्यातून हल्ली व्हिएतनाम-थायलंडच्या सहली निघतात. व्हिएतनाममध्ये हुए नावाचे शहर आहे. न्ग्वेन घराण्याने १८०२ पासून १९४५ पर्यंत तिथून राज्य केले. शहराला सुमारे दहा किलोमीटरचा तट आहे आणि तटाच्या आत आजही लोकांची घरेदारे, शाळा, बाजार आहेत. १९९३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. चीनमधल्या शिआनचा तट तर जवळपास चौदा किलोमीटरचा. तिथे भाड्याची सायकल मिळते आणि पर्यटक तटावरून शहराची फेरी मारतात. आपली माणसे ते फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. टाकावेत, त्यात वावगे काही नाही. पण वणीपासून पन्नासेक किलोमीटरवर साधारण अकरा किलोमीटर तटाची गोंड राजांची एक राजधानी उभी आहे, तिच्या आतही घरेदारे, शाळा, बाजार आहेत, आणि तिच्या दरवाज्यातून आपण शेकडो वेळा रिक्षाने गेलो आहोत. तिला राजधानी म्हणून एकदा बघावे, म्हणून यंदा पावसाळा सरल्यावर निघालो. सोबत झरी जामणी तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक होते. जातीने गोंड, बोलण्यात मिश्किल, चालण्यात माझ्यापेक्षा तरतरीत. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात.

वणी सोडली की रस्ता कोळशाचा होतो. दोन्ही बाजूंना मातीचे कृत्रिम डोंगर, ट्रकांच्या रांगा, झाडांच्या पानांवर काळा थर. वर्धा नदी ओलांडली की घुग्घूस आणि चंद्रपूर जिल्हा सुरू. नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा कोळसा एकाच खोऱ्यातला, वर्धा खोऱ्यातला. सीमा माणसांनी घातली. इंग्रजी अमलात नदीच्या अलीकडे वऱ्हाड होते, पलीकडे चांदा जिल्हा; चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे सरकारी नाव ‘वूण’ होते, म्हणजे वणीच. त्याआधीच्या काळात मात्र ही नदी आजच्याइतकी पक्की वेस नव्हती. अकबराच्या काळात अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली, तीत वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये कळंबचे नाव आहे. चिंतामणीचे कळंब, तेच. आणि त्याच वऱ्हाडच्या वर्णनात चांद्याचा गोंड राजा येतो, एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ बाळगणारा. हे आकडे मी गुरुजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “चाळीस हजार पायदळ म्हणजे आमचीच मानसं की! पगार कोन देत होतं ते नाही लिवलं का त्यानं?”

नाही लिहिले. राजांबद्दलही फारसे लिहिलेले नाही, ही चांद्याची खरी अडचण आहे. पुण्याला बखरी आहेत, कागदपत्रांचे रुमाल आहेत. चांद्याच्या गोंड राजांचा इतिहास आज आपण ज्या क्रमाने सांगतो, तो बराचसा १८६९ च्या एका जमीन महसूल अहवालातून आला. मेजर ल्युसी-स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी चांदा जिल्ह्याची जमाबंदी करीत होता. त्याने जुन्याजाणत्यांकडून कथा, वंशावळी ऐकल्या आणि सारा ठरवण्याच्या कागदांत त्या बसवल्या. पुढे गॅझेटिअरने त्या उचलल्या, बिशप चॅटरटन यांनी १९१६ मध्ये ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हे पुस्तक लिहिताना त्यांचाच आधार घेतला, आणि आज शहरातला माहितीफलक वाचला तरी मूळ तेच. म्हणून चांद्याच्या जुन्या राजांच्या सनावळ्या ऐकताना थोडा हात राखून ऐकाव्यात. कथा मात्र मोकळ्या मनाने ऐकाव्यात, कारण त्या मेजरच्या नव्हेत.

कथा अशी. गोंडांची आधीची राजधानी सिरपूर, मग वर्धेच्या काठचे बल्लारपूर. पंधराव्या शतकात तिथे खांडक्या बल्लाळशहा राज्य करीत होता. अंगभर गाठी आणि फोड, म्हणून खांडक्या. एकदा शिकारीला गेला असता तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे, एका खळग्यात थोडे पाणी. त्याने ते प्यायले, हातपाय धुतले आणि रात्री शांत झोपला. सकाळी राणीने पाहिले तर अंगावरचे फोड गेलेले. त्या खळग्याशी गाईच्या पावलांचे ठसे सापडले, तिथे अंचलेश्वराचे देऊळ झाले. मग दुसरी गोष्ट: त्याच रानात कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ससा पळाला त्या वाटेने तट बांधावा, असे राणीने सुचवले. दोन्ही वेळा अर्थ लावते ती राणी. राजा पाणी पितो, झोपतो, शिकार करतो, आणि राजधानी कुठे असावी हे राणी ठरवते. असल्या ससा-कुत्र्याच्या कथा भारतात अनेक शहरांच्या स्थापनेला चिकटलेल्या आहेत, हे खरे. पण राणीचा हा वाटा चांद्याच्या पुढच्या इतिहासाशी जुळतो, म्हणून तो मला बिनमहत्त्वाचा वाटत नाही.

जटपुरा दरवाजा हे शहराचे उत्तरेकडचे तोंड. त्याच्यासमोर उभे राहून तो नीट बघणे ही सोपी गोष्ट नाही. रिक्षा, दुचाक्या, भाजीच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, सगळे त्या एका कमानीत घुसत असतात. आम्ही कडेला एका पानठेल्याच्या आडोशाने उभे राहिलो. वर, कमानीच्या बाजूला, हत्तीवर स्वार झालेला सिंहासारखा प्राणी कोरला आहे. हे गोंड राजांचे चिन्ह. शहराच्या दरवाज्यांवर ते पुन्हा पुन्हा भेटते. त्याकडे मान वर करून पाहणारे त्या वेळी आम्ही दोघेच होतो, आणि पानठेलेवाल्याने “काय झालं भाऊ, काही पडते का वरून?” म्हणून विचारले.

मोठे दरवाजे चार: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे माणसांना जाण्यापुरते लहान दरवाजे. त्यांची नावे मला दरवाज्यांपेक्षा जास्त आवडतात: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. मसण खिडकीतून प्रेते बाहेर जात असावीत, चोर खिडकीतून काय जात होते ते सांगायला नको. पाया खांडक्या बल्लाळशहाने घातला, पण पिढ्यान्‌पिढ्या काम चालले आणि धुंड्या रामशहाच्या काळात तट पुरा झाला, अशी परंपरा आहे. तटाला ३९ बुरूज सांगतात. दगड वालुकाश्म, तांबूस-पिवळट. पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळ आणि रान एकदमच माजते.

आम्ही बगड खिडकीच्या बाजूने वर चढलो. दहा वर्षांपूर्वी हे शक्य नव्हते. तट होता, पण झाडाझुडपांत, कचऱ्यात गडप. लोक त्याच्याकडे पाठ करून घरे बांधत, आणि उरलेल्या जागेत जे करायचे ते करत. २०१७ मध्ये इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेने, बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने, तट साफ करायला घेतला. रोज सकाळी कुदळ, फावडे, विळे घेऊन पोरे यायची. झुडपे काढली, बुरुजांवर साचलेली माती उपसली, तटावरून चालायची वाट मोकळी केली. हे काम सलग दोनशेहून अधिक दिवस चालले, तेव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. उल्लेखानंतर थांबावे, हा रिवाज या मंडळींनी पाळला नाही. ते पुढेही साफसफाई करत राहिले आणि लोकांना तटावरून फिरवून आणू लागले. आम्हाला बाहेरगावच्या माणसांना जी वाट मिळाली ती त्यांची.

वर गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की हा तट शहराला विभागत नाही, शहर दाखवतो. एका हाताला मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी गच्चीवरचे सांडगे, देवळाचा कळस, मशिदीचा मिनार. दुसऱ्या हाताला झाडी, नदी, नव्या वसाहती आणि लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे, राज्यातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. बुरुजावर उभे राहिले की एका बाजूला गोंड राजाची सत्ता आणि दुसऱ्या बाजूला मुंबई-पुण्याला उजेड देणारी सत्ता, दोन्ही एकाच नजरेत येतात. धूर मात्र चंद्रपूरच्या वाट्याला. गुरुजींनी खिशातून रुमाल काढून नाक पुसले, रुमाल मला दाखवला आणि काही न बोलता परत ठेवला.

तटाच्या आत एक काकू कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. तटाला लागून घर असल्याचा त्रास होतो का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “त्रास कायचा? इरईले पूर आला का आमच्याइकडं सगळे तटावर येऊन बसते. मंग कळते कायले बांधला होता त.” इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधे हे शहर आहे. पुराचे पाणी पठाणपुरा दरवाज्यापर्यंत येते, हे चंद्रपुरात सगळ्यांना ठाऊक. माहितीफलकावर तट शत्रूपासून रक्षणासाठी होता असे लिहिले आहे. काकूंचे मत मला जास्त पटले.

शत्रू मात्र एकदा खरोखर आला, आणि तो आला यवतमाळच्या वाटेने. एप्रिल १८१८. इंग्रजांपासून पळत असलेले दुसरे बाजीराव पेशवे आमच्या पांढरकवड्याच्या मुलखात होते. त्यांना चांद्याकडे जायचे होते, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी गाठ घालायची होती. १७ एप्रिलला कर्नल ॲडम्सने त्यांना शिवणीजवळ गाठले आणि पेशव्यांची फौज उधळली. राजधानीपर्यंत पेशवे पोचलेच नाहीत. पोचला तो ॲडम्स. पुढच्याच महिन्यात त्याने चांद्याला वेढा घातला, तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. गोंडांचे राज्य त्याआधीच, १७५१ मध्ये, रघूजी भोसल्यांनी संपवले होते. तेव्हा १८१८ मध्ये जे पडले ते भोसल्यांचे ठाणे. शाळेच्या पुस्तकात पेशवाईचा शेवट वाचताना पांढरकवडा आणि चांदा ही नावे आम्हाला कुणी दाखवून दिल्याचे आठवत नाही.

अंचलेश्वर दरवाज्यापाशी आम्ही उतरलो. झरपटच्या काठचे अंचलेश्वराचे देऊळ बाहेरून नीट बघावे. भिंतींवर कोरीव पट्ट्यांची दाटी आहे. देवळाशेजारी गोंड राजांच्या समाध्या. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, आत हिरवळ, आणि मधोमध बीरशहाची समाधी, सगळ्यांत मोठी. तिची कथा चांद्यात वेगवेगळ्या तोंडून वेगवेगळी ऐकायला मिळते. बीरशहाची मुलगी देवगडच्या गोंड घराण्यात दिली होती. तिथे तिचा अपमान झाला म्हणून बीरशहाने जावयावर स्वारी केली, त्याचे शिर कापून महाकालीला वाहिले. पुढे दुसऱ्या लग्नाच्या वेळी हिरामण नावाच्या त्याच्याच पदरच्या माणसाने त्याला ठार मारले. मागे राहिली राणी हिराई. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिने दत्तक मुलाच्या, रामशहाच्या, नावाने राज्य सांभाळले, नवऱ्याची ही समाधी उभारली, महाकालीचे देऊळ बांधून घेतले. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली म्हणून इथले लोक हिला उलटा ताजमहाल म्हणतात. मला ही तुलना कोती वाटते. ज्या नवऱ्याने दुसरे लग्न मांडले आणि त्याच मांडवात जीव गमावला, त्याची समाधी सर्वांत मोठी बांधणारी बाई प्रेमाने बांधत होती की राज्याला धीर देण्यासाठी, हे कोण सांगणार? दत्तक पोर गादीवर, देवगडचे वैर ताजे, मुघलांचा दाब. अशा वेळी मेलेल्या राजाची भव्य समाधी हे राजकारणही असते. गुरुजींनी एवढेच म्हटले, “बाई हुशार होती.”

महाकालीच्या देवळात ते मला विसरले. दर्शनाला खाली, भुयारासारख्या जागेत उतरावे लागते. चैत्रात इथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, तेलंगणातून आणि आपल्या पांढरकवडा-झरीच्या पट्ट्यातून माणसे येतात, झरपटमध्ये आंघोळ करतात, नवस फेडतात. गुरुजींच्या लहानपणी त्यांची आजी बैलबंडीने येत असे. वाटेत मुक्काम, तीन दगडांची चूल, परत जाताना पदरात प्रसाद. तिने हे शहर राजधानी म्हणूनच पाहिले होते, असे त्यांचे म्हणणे. ती चंद्रपूर म्हणत नसे. शहराचे सरकारी नाव चांद्याचे चंद्रपूर १९६४ मध्ये झाले, पण तिच्यासाठी ते ‘आमच्या राजाचं चांदं’ होते. मला वाटते, चांद्याचे पर्यटक म्हणून पहिला मान या यात्रेकरूंचा आहे, आणि पर्यटन खात्याच्या माहितीपत्रात त्यांची गणती होत नाही.

दुपारी तर्रीपोहे खाऊन आम्ही लालपेठकडे निघालो. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागला. मोकळ्या जागेत, कुंपणाच्या आत, प्रचंड शिळांमधून कोरलेल्या मूर्ती जमिनीवर पडून आहेत. दशमुखी दुर्गा सर्वांत मोठी, साधारण पंचवीस फूट लांब. दहा तोंडे, हात, आणि डोळे थेट आभाळाकडे. शेजारी नंदी, गणपती, शिवलिंग. धुंड्या रामशहाच्या काळात रायप्पा नावाच्या धनिक कोमट्याने अफाट देऊळ बांधायचे ठरवले होते, म्हणतात. देवळाआधी देव घडले आणि रायप्पा गेला. या मूर्ती कधी उभ्याच राहिल्या नाहीत. एवढी शिळा हलवून उभी कशी करणार होते, हा प्रश्न त्या कारागिरांनाही पडला असेल. मला चंद्रपुरात सर्वांत जास्त ही जागा आवडली. बऱ्याच राजधान्यांमध्ये पूर्ण झालेल्या गोष्टी दाखवतात. इथे एका माणसाची हौस कुठवर पोचून थांबली, ती छिन्नीच्या खुणांसकट पाहता येते. शेजारच्या वस्तीतली पोरे कुंपणापलीकडे क्रिकेट खेळत होती आणि चेंडू दुर्गेच्या खांद्यावर पडला की आत येण्यासाठी रखवालदाराची मनधरणी करीत होती.

राजवाडा कुठे आहे, असे परगावचा कुणीही विचारणार. राजवाड्याच्या जागी जिल्हा कारागृह आहे. तेव्हा राजधानीतले मुख्य ठिकाण पाहायचे तर एकतर गुन्हा करावा लागतो किंवा बाहेरून भिंत बघावी लागते. आम्ही भिंत बघितली. पण ही नुसती थट्टेची गोष्ट नाही. याच तुरुंगाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या त्या मुलखात त्यांनी गोंड तरुणांची फौज उभी करून इंग्रजांशी अनेक महिने झुंज दिली होती. ज्या पिंपळाखाली फाशी दिली असे सांगतात तो पिंपळ आत आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला आदिवासी समाज इथे अभिवादनाला जमतो. आपल्या राजाच्या वाड्यात आपल्या वीराला फाशी, हे गुरुजींना बोलून दाखवावे लागले नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाला त्यांनी विचारले, “साहेब, आत जायची अर्जी कोनाले द्यायची?” शिपायाने वर्षातल्या त्या एका दिवसाबद्दल सांगितले आणि पाणी विचारले.

ऑक्टोबर हा चंद्रपूर बघायचा खरा महिना. उन्हाळ्यात इथे पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्या दिवसांत तटावर पाय ठेवण्याचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. ऑक्टोबरात शहर दोनदा भरते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे दीक्षा दिली, म्हणून १५ आणि १६ तारखेला इथल्या दीक्षाभूमीवर मोठा समुदाय येतो. मग २१ तारीख शेडमाकेंची. दोन्ही वेळी यवतमाळ जिल्ह्यातून भरून भरून गाड्या जातात.

जायचे तर तट सकाळी करावा, उन्हाच्या आधी. पायात बूट हवेत, चप्पल नको. रानात काटे आहेत आणि काही ठिकाणी दगड सुटलेले आहेत. स्वच्छतागृहाची सोय दरवाज्यांजवळ शोधू नका, बसस्थानकावरच उरका. नकाशा विकत मिळत नाही, पण बिनबा दरवाज्यापासून पठाणपुरापर्यंत कुणालाही विचारले तर तो कामधंदा सोडून रस्ता दाखवतो आणि वाटेत स्वतःची कथा सांगतो. ती ऐकून घ्यावी. पाण्याची बाटली घ्या. दुसरा दिवस हाताशी असेल तर पंधरा किलोमीटरवरचे बल्लारपूर आहे. वर्धेच्या काठावरचा तो किल्ला म्हणजे राणीने सोडायला लावलेली जुनी राजधानी. आज गाव ओळखले जाते ते रेल्वे जंक्शन आणि कागदाच्या गिरणीमुळे. आमच्याकडे दुसरा दिवस नव्हता, कारण गुरुजींच्या शेतात सोयाबीन काढणीला आले होते आणि मजूर उद्याचे सांगितले होते. बल्लारपूर त्यांनी नातवांच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवले आहे. नातवांना रेल्वे बघायची आहे, किल्ला आजोबा मधेच घुसवणार आहेत.